सतरा नंबर

एकतीस वर्षं मी चादरी तपासल्या
अक्कलकोट रोडला, यंत्रमागांच्या खडखडाटात.
भिंग लावायचं, इंचातले धागे मोजायचे.
तुटका ताणा, सुटका बाणा, तेलाचा ठिपका
दिसला की खडूची फुली,
माल सेकंडात.
कुणी वाद घातला नाही कधी.
भिंग माझं होतं, पण धागे जितके होते तितकेच होते.

म्हणूनच बोलावलं असेल मला
भवानी पेठेतल्या समाजाच्या हॉलमध्ये,
ऐन मे महिन्यात,
हातमागावरच्या भिंतचित्रांना नंबर द्यायला.
सोबत चित्रकलेचे निवृत्त सर
आणि जर्मनीला माल धाडणारा एक व्यापारी.
तक्ता छापून दिला होता:
रंग पंचवीस, रचना पंचवीस, विणकाम पंचवीस,
आणि शेवटच्या पंचविसापुढे नुसतं ‘एकूण’.

ते ‘एकूण’ मला रात्रभर टोचलं
उशीतल्या सरकीसारखं.

सतरा नंबर नरसव्वा चिट्यालचा.
सिद्धेश्वराचं तळं, काठावर एक बाई, आपल्याकडे पाठ.
अर्धं आभाळ निळं, वरचं अर्धं करडं.
विचारलं तर म्हणाली,
निळा संपला, दुकान बंद होतं.
मी भिंग लावलं:
चार गाठी, डावी कड बोटभर आत.
विणकामाला नऊ.
सर म्हणाले, बाई मधोमध बसवलीय, तोल गेला.
व्यापारी म्हणाला, पाठ कोण विकत घेतं?

आणि तिघंही तिथून हललो नाही.
सरांनी चष्मा दोनदा पुसला.
व्यापाऱ्याचा फोन वाजून वाजून बंद पडला.

चहाला बसल्यावर सर म्हणाले,
शेवटी ज्याची त्याची नजर.
म्हटलं, मग तिघांना कशाला बोलावलं,
चहा संपवायला?
सर हसले. उत्तर दिलं नाही.

तेवढ्यात गोकुळाबाई, झाडूवाली, सहज म्हणाली,
“त्या सतरापुढं लई माती निघती, बघा.
बाकीकडं नुसता हात फिरवला की झालं.”

मी ताडकन उठलो.
माती!
तिला आवड नाही, नावड नाही,
ती कुणाची भाची नाही, कुणाच्या पेठेतली नाही.
जितकी माणसं थांबली तितकी पडली.
हे मोजता येतं.

मग वर बघितलं.
सतरावर पंखा होता.
हॉलमधला चालू असलेला एकच.
चव्वेचाळीस डिग्रीत सोलापूरचा माणूस
तळं बघतोय की वारा घेतोय,
ते मातीनं कसं सांगावं?

संध्याकाळी सतरा उतरवला,
मागच्या बंद दाराशी नेऊन टांगला,
जिथं भिंतसुद्धा घामेजते.
पंख्याखाली लावला चार नंबरचा मोर:
एक गाठ नाही, कड सुतात,
तिघांचे मिळून सरासरी एक्क्याण्णव.

दुसऱ्या दिवशी दारं लागल्यावर
गोकुळाबाईनं दोन ढीग केले, मी दोन पुड्या बांधल्या.
शेजारी शेंगाचटणीचं दुकान.
मालक म्हणाला, काका, चटणी तोलायच्या काट्यावर माती?
तरी तोलून दिली, काटा पुसत पुसत.
मोरापुढची बेचाळीस ग्रॅम.
बंद दारापुढची एक्कावन्न.

छातीत काहीतरी फडफडलं माझ्या.
आता या वयात, भिंगाशिवाय, एक आकडा!
नऊ ग्रॅम, म्हणालो, नऊ ग्रॅम जास्त, गोकुळाबाई.

ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती.
चपलांकडे बघत होती.

कुणी तिथवर येतंय का, हे बघायला
मी दिवसभरात किती खेपा घातल्या होत्या दाराशी?
दहा? बारा?
आणि बघायला गेलो म्हणून गेलो,
की थांबलो?
करडं आभाळ परत एकदा…

तक्ता खिशात होता, घडी घातलेला.
‘एकूण’पुढे अजून पेन्सिल टेकली नव्हती.
मी उंबऱ्यावर चपला झटकल्या.
गोकुळाबाईनं सुपली पुढे केली
आणि तीही माती भरून घेतली.